रोग गेला, मग भय का उरावे?

(अंजनगाव सुर्जी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संकलित मजकूर)



आजचा विषय आपल्या अभ्यासवर्गातील नेहमीच्या विषयांहून थोडा निराळा आहे. कापसाचा भाव, पीककर्ज, मजुरीचे दर यांविषयी आपण बोलतो, तेव्हा प्रश्न कोणाचा आहे आणि जाब कोणाला विचारावयाचा आहे, हे आपल्याला ठाऊक असते. कर्करोगातून वाचलेल्या माणसाच्या मनात उरलेले भय हा प्रश्न मात्र ज्याचा त्याने सोसावयाचा आणि घरच्यांनी फार तर धीर द्यावयाचा, असे आपण धरून चाललो आहोत. ही समजूत चुकीची आहे. या भयाचा बराच मोठा भाग वेळीच उपाय केल्यास टळण्यासारखा आहे आणि तो टाळणे हे सार्वजनिक काम आहे. एवढे एकच म्हणणे मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आपण ज्या गावात बसलो आहोत त्याचे नाव इतिहासात एका तहाशी जोडलेले आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्याआधीच्या काही आठवड्यांत अडगावची लढाई झाली होती आणि गाविलगड पडला होता. तहाने लढाई संपली, असे आपण शाळेत शिकतो. कागदावर ती संपलीही. परंतु त्या लढाईतून जिवंत परतलेल्या शिपायाच्या झोपेतली लढाई केव्हा संपली, याची नोंद कोणत्याच तहनाम्यात नसते.

ही नोंद घेण्यास वैद्यकशास्त्रालाही फार उशीर लागला. पहिल्या महायुद्धात थरथर कापणाऱ्या, बोलेनाशा झालेल्या सैनिकांना तोफगोळ्यांचा धक्का बसला आहे असे म्हटले गेले, आणि त्यांच्यापैकी कित्येकांवर भेकडपणाचा शिक्का बसला. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव समोर आल्यानंतर, १९८० साली, अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या अवस्थेला आपल्या अधिकृत यादीत स्वतंत्र नाव दिले. मराठीत आपण तिला आघातोत्तर ताणविकार म्हणू. १९९४ साली त्याच यादीच्या पुढच्या आवृत्तीत असे मान्य केले गेले, की जिवावर बेतणाऱ्या आजाराचे निदान हाही असा आघात ठरू शकतो. रणांगणावरचा शिपाई आणि कर्करोगाच्या वॉर्डातला रुग्ण यांच्यातील साम्य शास्त्राने प्रथमच मान्य केले, ते असे.

या विकाराची लक्षणे कोणती? पहिले म्हणजे, गेलेला प्रसंग पुन्हा पुन्हा अंगावर येणे. स्पिरिटचा वास आला, सलाइनची बाटली दिसली, की उपचार संपून दोन वर्षे झाली असली तरी छाती धडधडू लागते. दुसरे म्हणजे टाळणे. दवाखान्याच्या रस्त्याने जायचे नाही, फाइल उघडायची नाही, आजाराचे नाव कोणी काढले तर उठून जायचे. तिसरे म्हणजे सतत सावध असणे. झोप नाही, क्षुल्लक आवाजाने दचकणे, अंगावर छोटी गाठ किंवा साधा खोकला दिसला की रोग परत आला असे वाटणे. चौथे म्हणजे मन विझणे. आपल्या माणसांविषयी काही वाटेनासे होते, पुढे काही आहे असे वाटत नाही, सगळा दोष आपलाच वाटतो. ही लक्षणे महिनाभरानंतरही राहिली आणि त्यांनी रोजचे जगणे अडविले, म्हणजे त्यास विकार म्हणावयाचे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २०१३ साली तज्ज्ञांनी आपली व्याख्या पुन्हा आवळली. आजार जिवावर बेतणारा आहे एवढ्यानेच त्याला आघात म्हणू नये, प्रसंग एकाएकी कोसळलेला आणि भयंकर असावा, असे त्यांनी म्हटले. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. युद्धातील आघात घडून गेलेला असतो. कर्करोगाचे भय मात्र मागचेही असते आणि पुढचेही. रोग उलटण्याची भीती हा नुसता भ्रम नाही, ती शक्यता खरीच असते. परंतु नाव कोणते द्यावे हा वाद तज्ज्ञांनी खुशाल करावा. रात्री तीन वाजता घामाने भिजून उठणाऱ्या बाईला व्याख्येची कोणती आवृत्ती लागू पडते, यावरून तिच्या दुःखाची दखल घ्यायची की नाही हे ठरू नये.

आता आकड्यांकडे वळू. आपल्या देशात दरवर्षी सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग होतो. त्यांतील किती जणांच्या मनावर असा घाव राहतो? मलेशियातील एका विद्यापीठाच्या रुग्णालयात ४६९ कर्करुग्णांचा चार वर्षे मागोवा घेण्यात आला. निदानानंतर सहा महिन्यांनी २१.७ टक्के रुग्णांत हा विकार आढळला, चार वर्षांनी ६.१ टक्क्यांत. म्हणजे बहुतेक जण काळाबरोबर सावरले. परंतु ज्यांना आरंभी हा विकार जडला होता त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत तो चार वर्षांनंतरही टिकून होता किंवा वाढला होता. प्रत्येक रुग्णाला मनोरुग्ण ठरविण्याचे कारण नाही, हा या आकड्यांचा पहिला धडा. काळ हेच सर्वांचे औषध नव्हे, हा दुसरा.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष याच पाहणीत पुढे आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांत हा विकार सहा महिन्यांच्या तपासणीत इतर कर्करुग्णांच्या मानाने ३.७ पटींनी कमी आढळला. त्या स्त्रियांचे दुःख काही कमी नव्हते. मात्र त्या रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी निदानानंतरच्या पहिल्या वर्षात आधार आणि समुपदेशन देणारी वेगळी व्यवस्था होती. इतरांसाठी ती नव्हती. एवढ्यावरून सगळे सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही, कारण रोग वेगळा असला की इतरही बाबी वेगळ्या असतात. शिवाय चार वर्षांनंतर हा फरक दिसेनासा झाला होता. पण दिशा स्पष्ट आहे. व्यवस्था असते तेव्हा घाव कमी राहतो, आणि ती एका वर्षात आवरती घेतली तर पुरत नाही.

या भयाची किंमत केवळ मनाला मोजावी लागत नाही. टाळणे हे या विकाराचे लक्षण आहे, हे मी मघाशी सांगितले. कर्करोगातून उठलेल्या माणसाने नेमके काय टाळले तर घात होईल? फेरतपासणी. दवाखान्याचे भय बसलेला माणूस तारीख चुकवितो, मग दुसरी चुकवितो, आणि उलटलेला रोग हातात सापडण्याची वेळ निघून जाते. लाखो रुपयांची शस्त्रक्रिया आणि महिनोन्‌महिने सोसलेले उपचार एका न झालेल्या तपासणीमुळे वाया जातात. तेव्हा मनाची काळजी ही शरीराचे उपचार झाल्यावर सवडीने करावयाची चैन नसून त्या उपचारांचाच भाग आहे.

वऱ्हाडातल्या रुग्णाचे हे भय कसे घडते, ते जरा जवळून पाहू. अंजनगावच्या माणसाला निदान कळते ते अमरावतीला किंवा अकोल्याला. पुढे नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाच्या कर्करुग्णालयात, नाही तर मुंबईला टाटा रुग्णालयात जावे लागते. तुकडोजी महाराज आपल्याच जिल्ह्यातले, आणि १९६८ साली ते कर्करोगानेच गेले. मुंबई येथून सहाशे किलोमीटरांहून दूर. सोबत आलेला भाऊ आठवडाभराने शेतीसाठी परततो, आणि बायको किंवा आई एकटी मागे राहते. डॉक्टर कामाच्या गर्दीत चार वाक्ये बोलतात, त्यांतली दोन इंग्रजी असतात. रुग्णाला काय झाले आहे हे घरचे रुग्णापासून लपवितात, आणि मला ठाऊक आहे हे रुग्ण घरच्यांपासून लपवितो. घरोघर चालणारे हे दुहेरी मौन भयाला खतपाणी घालते.

त्यात आपल्या भागाचे आणखी एक दुखणे आहे. अंजनगाव पानमळ्यांचे गाव आहे. दोष नागवेलीच्या पानाचा नाही. तो त्यातल्या सुपारीचा आणि तंबाखूचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते असे नमूद केले. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तरी कोपऱ्याकोपऱ्यावर खर्रा घोटला जातोच. तोंडाच्या कर्करोगात जबड्याचा भाग काढावा लागला, की जखम झाकता येत नाही. चेहरा बदलतो, बोलणे अस्पष्ट होते, चारचौघांत जेवता येत नाही. आणि वर गाव म्हणते, खर्रा खाल्ला, भोगा आता. खर्रा खाणाऱ्याला कळत नव्हते असे नाही; पण तो विकणारे, त्यावर नफा कमावणारे आणि बंदी असून डोळेझाक करणारे यांना कोणी दोष देत नाही. सगळा अपराध त्या वाकड्या झालेल्या तोंडावर लादला जातो. अपराधाची ही जाणीव आघाताला चिकटली, की तो आघात भरून येत नाही.

स्त्रियांची कहाणी निराळी आणि अधिक मुकी आहे. स्तन काढलेली किंवा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेली बाई घरी परतते, ती थेट चुलीपुढे आणि निंदणाला. तिला विश्रांती मिळत नाही आणि तिच्याशी कोणी बोलत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हाताला सूज येते, कापूस वेचताना हात उचलत नाही, आणि ती कामचुकार ठरते. नवऱ्याने दूर झोपण्यास सुरुवात केली, तर ती ते कोणाला सांगणार? पुरुषाच्या भयाला निदान चिडचिडीची वाट मिळते. स्त्रीचे भय डोकेदुखी, अंगदुखी, छातीत धडधड अशी नावे घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात येते आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन परत जाते.

आणि सर्वांच्या तोंडी एकच वाक्य असते: “आता बरा झाला ना बाप्पा, मंग कायले भेतं?” हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असते. पण ते ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते, की आपल्या भीतीला आता कोणाच्या दारी जागा नाही.

मग प्रतिबंध करावयाचा तो कसा? ज्यामुळे घाव होतो ते आधीच कमी करणे, हा त्याचा सरळ अर्थ. त्याचे तीन काळ आहेत.

पहिला काळ निदानाचा. वाईट बातमी कशी सांगितली जाते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. रुग्णाला बसवून, त्याच्या भाषेत, त्याला हवे असलेले माणूस जवळ असताना, त्याला किती जाणून घ्यावयाचे आहे हे विचारून सांगणे यास पैसा लागत नाही. पंधरा मिनिटे लागतात. पुढे काय होणार आहे हे आधी कळलेला माणूस त्या प्रसंगाला सामोरा जातो, आणि न कळलेल्या माणसावर तो प्रसंग कोसळतो. केस जातील, तोंड येईल, अमुक दिवस गळल्यासारखे वाटेल, आणि मग ते उतरेल, हे आधी सांगितले की त्याच गोष्टी घडताना आघात होत नाही.

दुसरा काळ उपचारांचा. येथे मनाच्या रक्षणाचे काम शरीराच्या उपचारांनीच करावयाचे असते. रसायनोपचाराच्या पहिल्या वेळी ओकाऱ्या अनावर झाल्या, तर पुढे औषध अंगात जाण्याआधीच, रुग्णालयाचे फाटक दिसताच, पोट ढवळू लागते. देह ते ठिकाण आणि ती वेदना यांची गाठ बांधून ठेवतो. पहिल्याच वेळी उलटीवरचे चांगले औषध पुरेसे दिले, तर ती गाठ बहुधा पडत नाही. वेदनेचेही तसेच. न शमलेली वेदना भयाला जन्म देते. तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे स्वस्त औषध आहे, परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कडक कलमांमुळे अनेक वर्षे ते रुग्णालयांना मिळविणे दुरापास्त झाले होते. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्याची पद्धत सुलभ झाली. कायदा सुधारला, आता औषध तालुक्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचले पाहिजे. आणि प्रत्येक फेरीत रुग्णाला एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: या आठवड्यात मनावरचा ताण शून्य ते दहा यांपैकी कितीवर होता? जगातल्या अनेक कर्करुग्णालयांत हा प्रश्न तापमान आणि नाडी यांच्या बरोबरीने विचारला जातो. परिचारिका तो विचारू शकते.

तिसरा काळ उपचार संपल्यानंतरचा, आणि सर्वांत दुर्लक्षित तोच आहे. उपचार चालू असतात तेव्हा रुग्णाला वाटते, काहीतरी चालले आहे, कोणीतरी पाहत आहे. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांनी या. त्या दिवशी घरच्यांना आनंद होतो आणि रुग्णाच्या पायांखालची जमीन सरकते. म्हणून घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती मराठीत लिहिलेला एक कागद हवा. पुढच्या तपासण्या केव्हा, कोणते दुखणे साधे आणि कोणते दाखवावयास हवे, मनाला काय काय वाटू शकते आणि ते किती दिवस वाटले तर कोणाकडे जावयाचे, हे त्यावर असावे. घरी गेल्यावर महिना-दीड महिन्याच्या आत कोणीतरी त्याची विचारपूस केली पाहिजे. ज्याची लक्षणे टिकून आहेत तो तेव्हाच ओळखू येतो. अशांसाठी आघातावर केंद्रित असे मानसोपचार उपलब्ध आहेत, आणि ते परिणामकारक आहेत.

काय करू नये हेही सांगितले पाहिजे, कारण चांगल्या हेतूने पुष्कळ नुकसान होते. आघातानंतर लगेच माणसाला एकदाच बसवून सगळा प्रसंग तपशीलवार वदवून घेतला की मन मोकळे होते, अशी समजूत होती. तपासाअंती असे आढळले, की एका बैठकीच्या या उपायाने विकार टळत नाही. काही प्रयोगांत तर लोकांची स्थिती अधिक बिघडली. ज्याला बोलावयाचे आहे त्याला बोलू द्यावे. ज्याला नाही त्याच्या जखमेची खपली काढू नये. तसेच झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्यांचे. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाची लक्षणे घालविण्यासाठी या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली स्पष्ट सांगितले आहे. आणि तिसरे म्हणजे खंबीरपणाची सक्ती. तू योद्धा आहेस, तू हरू शकत नाहीस, असे सतत ऐकणाऱ्याला रडण्याची चोरी होते.

हे सगळे ऐकून आपल्यापैकी कोणी म्हणेल, मुंबईचे ठीक आहे, अंजनगावला मनोविकारतज्ज्ञ आणावयाचा कोठून? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधले गेले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा उपक्रम राबविण्यात आला. त्यात गावपातळीवरचे कार्यकर्ते, प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक आणि त्यांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ अशी तीन पायऱ्यांची रचना होती. आरंभी नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचत होते. पुढे हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेटच्या मनोविकारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही आधीची आणि नंतरची तुलना होती, शेजारच्या गावांशी ताडून पाहिलेला प्रयोग नव्हता, आणि विषय कर्करोगाचा नव्हे तर नैराश्याचा होता. तरीही एक गोष्ट त्यातून दिसली: शेजारच्या गावची शिकलेली बाई, नीट शिकविली आणि तिच्या पाठीशी तज्ज्ञ असला, तर मनाच्या दुखण्याचे प्राथमिक काम करू शकते. वऱ्हाडातला माणूस मनाचे बोलत नाही हे खरे नव्हे. विचारणारे कोणी नव्हते, एवढेच.

वाचलेल्यांनी वाचणाऱ्यांना हात द्यावा, हा दुसरा मार्ग. टाटा रुग्णालयात लहानपणी कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी १९९१ साली उपचारोत्तर तपासणीचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले, आणि अशाच बऱ्या झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने २००९ साली उभा राहिला. दहा वर्षांपूर्वी हाच रोग झालेला माणूस समोर बसून चहा पितो आहे, हे दृश्य जे सांगते ते कोणत्याही व्याख्यानाने सांगता येत नाही.

सरकारकडे मागावयाचे काय, याविषयीही आपण स्पष्ट असले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय व्यवस्थेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला, आणि विम्याच्या बाबतीत मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागविण्याचे बंधन घातले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तर १९९६ पासूनचा आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होती. या योजनेने हजारो गरिबांच्या शस्त्रक्रिया झाल्या, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण तिची रचना प्रक्रियांच्या दरपत्रकावर उभी आहे. कापण्याला दर आहे, किरणांना दर आहे. समजावून सांगण्याच्या पंधरा मिनिटांना दर नाही, आणि ज्याला दर नाही ते कोणी करीत नाही. म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात: कर्करोगाच्या उपचारांतच समुपदेशनाचा आणि उपचारोत्तर पाठपुराव्याचा समावेश व्हावा, मराठीतला निरोपाचा कागद सक्तीचा व्हावा, ग्रामीण रुग्णालयात जिल्हा कार्यक्रमाचा समुपदेशक ठरलेल्या दिवशी यावा, आशा कार्यकर्तीला या कामाचे प्रशिक्षण आणि त्याचा स्वतंत्र मोबदला मिळावा. तिच्यावर आणखी एक फुकटचे काम लादून आपण सेवेच्या गोष्टी करू लागलो, तर ती शोषणाचीच नवी रीत होईल.

मागण्या मंजूर होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसावयाचे नाही. आपल्या वॉर्डात, आपल्या गावात कर्करोगातून उठलेले कोण आहेत हे आपल्याला माहीत असते. त्यांच्याकडे जा, पण नावांची यादी फळ्यावर लावू नका. जे कळेल ते आपल्यापाशी ठेवा. उपदेश करू नका. झोप लागते का, जेवण जाते का, बाहेर पडता का, पुढची तारीख केव्हा आहे, एवढेच विचारा आणि मग गप्प बसून ऐका. पहिल्या फेरतपासणीला सोबत जा. त्या दिवशी बसस्टँडवर बरोबर उभे असलेले माणूस ही प्रतिबंधाची सर्वांत स्वस्त लस आहे. ज्याच्या घरावर उपचारांचे कर्ज आहे त्याच्या कर्जाचा प्रश्नही मनाच्या प्रश्नाइतकाच तातडीचा समजा. कमी उत्पन्न आणि आधाराचा अभाव या दोन्हींमुळे हा विकार जडण्याचा धोका वाढतो. आणि कोणाच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याची भाषा आली, तर त्याला एकटे सोडू नका, घरातले फवारणीचे औषध हलवा, आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर लगेच फोन लावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, विनामूल्य आहे. आपल्या जिल्ह्याने विषाच्या बाटल्यांचे पुष्कळ पाहिले आहे. त्यात कर्करोग जिंकलेल्या माणसाची भर पडू देता कामा नये.

शेवटी एक गोष्ट. रोग बरा झाला तरी माणूस परत येत नाही, कारण गाव त्याला परत घेत नाही, हे वऱ्हाडला नवीन नाही. महारोगाच्या बाबतीत आपण ते पाहिले. बऱ्या झालेल्यांनाही घर बंद होते, तेव्हा १९४६ साली दाजीसाहेब पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभे केले आणि त्यांच्या हाताला काम, नावाला मान दिला. आणि याच तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी घरापासून दूर पडलेल्या गरिबाला टेकायला जागा हवी, हे ओळखून ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही देशभरातून टाटा रुग्णालयात आलेले कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. त्यांनी देवळे बांधली नाहीत, हे आपण भाषणांत नेहमी सांगतो. त्यांनी काय बांधले याचा अर्थ मात्र आपण पुरता घेतलेला नाही. दूर गेलेल्या रुग्णाने रात्री कोठे झोपावे, या प्रश्नाचे उत्तर बाबांच्या परंपरेने दिले. तो रुग्ण बरा होऊन अंजनगावला परतल्यावर त्याला रात्री झोप लागते की नाही, हा प्रश्न आता आपला आहे.

परवापासून कामाला लागावे, एवढी विनंती करून मी थांबतो.